नाव न घेतलेलं गाऱ्हाणं

गोडदेव, भाईंदर (पूर्व)

प्रिय जितेश,

श्रावणातल्या एका सकाळी मी तुझ्या आईला खोटं सांगितलं. गिरणीचा पट्टा तुटलाय म्हणालो. नुकतंच शटर वर करून दगडाला हात जोडले होते, उदबत्ती लावली होती, आणि वळून बघतो तर सावित्रीवहिनी पायरीवर उभी. पाच वर्षांत ती माझ्या गिरणीकडे फिरकली नव्हती. दळणाचा डबा घेऊन पार केबिन रोडपर्यंत चालत जायची, आणि येताना माझ्याच दारावरून मान खाली घालून पुढे जायची. त्या दिवशी तिने कापडी पिशवी पुढे केली. मोड आणून वाळवलेली नाचणी आहे म्हणाली, तुझ्या मुलीच्या सत्त्वासाठी. मी पिशवीला हात लावला नाही. पट्टा तुटलाय, आज दळण नाही, असं बोलून गेलो. पट्टा माझ्या मागे चाकावर ताठ बसलेला होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी पायरीच्या कडेला ठेवली. बसवलात की दळा, घाई नाही, म्हणाली. दोन पावलं गेली आणि वळली. "भावजी, पोरीला अजून देवीला दाखवलेली नाही." एवढंच. ती कोपऱ्यापर्यंत पोचली नसेल तोवर समोरच्या बिल्डिंगमधली भाभी गव्हाचा डबा घेऊन आली, भैया जल्दी कर दो म्हणाली, आणि माझा हात सवयीने बटणावर गेला. गिरणीचा आवाज गल्लीभर जातो हे तुला माहीत आहे. तुझ्या आईने तो ऐकला असणार. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती कशासाठी आली होती ते मला कळलं होतं. नाचणी कुठेही दळून मिळते. आपल्या गावात, वाघजाईच्या देवळात, माझ्या हातचा गाऱ्हाण्याचा एक नारळ पाच वर्षं ठेवलेला होता, आणि तो तिथे असेपर्यंत तुमच्या घरातलं कोणी देवळाची पायरी चढणार नाही, तुमच्या घरातलं मूल देवीपुढे ठेवलं जाणार नाही, हे गावाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. बोईसरच्या तुझ्या कारखान्यातल्या मित्रांना तर वाटेलच. पण तू मानतोस, कारण तू त्याच वाडीतला आहेस, आणि मीही मानतो. म्हणूनच मला माझ्या करणीचं वजन ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्या सकाळी पट्ट्याचं कारण सांगितलं.

नाचणीची पिशवी मी उचलून आत ठेवली, वजनकाट्याच्या मागे. तुम्ही दोघं जिथे बसायचात तिथेच. तुझा बाप, रघू, गेला तेव्हा तू दुसरीत होतास. माझा साईराजही दुसरीत. त्यानंतर तुझी आई खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचं काम घरी आणायला लागली, आणि तू शाळा सुटल्यावर सरळ माझ्याकडे यायचास. तुझी काकी, मंदा, दोघांच्या ताटात एकाच मापाने भात वाढायची आणि तू भात कमी आणि आमटी जास्त म्हणून भांडायचास. संध्याकाळी तुम्ही दोघं पीठ उडवून पांढरे होऊन घरी जायचात, आणि चाळीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, नाथाने आज पोरं पण दळून काढली. एकदा मी काट्यावर उभा राहिलो तर तू मोठ्या माणसासारखं विचारलंस, काका, तुमचं वजन पिठासकट धरायचं की झटकून? साईराज त्यावर इतका हसला होता की त्याला उचकी लागली. ती चाळ आता नाही. तिथे सात मजले उभे राहिलेत आणि खाली मोबाईलचं दुकान आहे. तुमची जुनी खोली कुठल्या मजल्याखाली गेली असेल, याचा मी जाता येता हिशेब लावतो आणि तो लागत नाही.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण माझ्या हाताने ते कधी मांडलं गेलेलं नाही. माझा थोरला भाऊ पंढरीदादा आणि त्याची बायको गावाहून येणार होते, दुपारच्या गाडीने. मी फोनवर बढाई मारून बसलो होतो की आमच्या इथे पालीच्या किनाऱ्याला होडीवरचा मासा मिळतो, तसला तुम्ही रत्नागिरीतही खाल्ला नसेल. मंदा भाजी आणायला गेली होती. साईराज म्हणाला, बाबा, केबिन रोडवरून आणतो ना, तिथेही ताजाच असतो. मी नाही म्हटलं. मग म्हणाला बसने जातो. मी म्हटलं बसने जाऊन येईपर्यंत पाहुणे जेवून झोपतील, जितेशची गाडी घे. तू तिथेच, काट्याजवळ उभा होतास. तू मला तोंडावर सांगितलंस की पुढचा टायर गुळगुळीत झालाय, सोमवारी बदलणार आहे, आज नको. आणि मी म्हणालो, "तुम्हा पोरांना कारणंच फार." तू किल्ली दिलीस ती मला दिलीस, त्याला नाही. मी ती त्याच्या हातात ठेवली. माशांची पिशवी घडी करून मीच त्याच्या खिशात कोंबली. जाताना त्याने पायरीवरून ओरडून सांगितलं, "आईला सांगा, तव्यावर माझा तुकडा आधी." त्याचं हे बोलणं फक्त तू आणि मी ऐकलं.

पालीच्या अलीकडे वळणावर रेती सांडलेली होती. पुढचं मला सांगता येत नाही.

दवाखान्याच्या बाहेर पंढरीदादाने मला विचारलं, गाडी कोणाची? मी म्हणालो जितेशची. टायर गेलेला होता हे त्याला माहीत होतं का? मी म्हणालो, हो, माहीत होतं. दोन्ही उत्तरं खरी होती, जितेश. मी आयुष्यात मोठं खोटं बोललेलो नाही असं स्वतःला सांगत आलो, ते या दोन उत्तरांच्या आधारावर. तू भिंतीला टेकून उभा होतास. तू माझ्याकडे बघत होतास, तिसरं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही. तोवर मंदाला तिच्या बहिणीने धरून आणलं आणि तिने येतायेताच विचारलं, हा पालीला कशाला गेला होता? कोणीतरी बोललं, पोरं ती, गाडी मिळाली की फिरायला जातात. मी गप्प राहिलो. पुढे कपड्यांबरोबर त्याच्या खिशातली पिशवी परत मिळाली, ती मी मंदाला दिसू दिली नाही. अशा रीतीने माझा पोरगा, जो बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही, तो गावच्या तोंडी उनाड झाला, आणि तू त्याला गाडीचा नाद लावणारा झालास. मंदाने तुला दारातून हाकलून लावलं तेव्हा मी आतल्या खोलीत माळ घेऊन बसलो होतो. मणी सरकत होते. मी जागचा हललो नाही.

तेरावं झाल्यावर तू गिरणीत आलास ते मला रोज आठवतं. आत आला नाहीस, पायरीवरच उभा राहिलास. म्हणालास, "काका, मी कोणाला काही सांगणार नाही. काकीला रोज तुमच्याच तोंडाकडे बघायचंय ना." तेवीस वर्षांचा होतास तू. मी तुला आत ये म्हणालो नाही, बस म्हणालो नाही. बटण दाबलं. आवाजात बोलायची सोय राहत नाही. गिरणी चालवणाऱ्या माणसाला ही एक मोठी सवलत आहे.

आणि त्याच वर्षी गणपतीत दादाने मला देवळात नेलं. नारळ त्याने आणला होता, गाऱ्हाणं दाजी गुरवाने घातलं, पण तो नारळ दोन्ही हातांनी धरून मी उभा होतो. नको, असं मला म्हणता आलं असतं. दाजीचे शब्द होते, बा माझे वाघजाई आई, ज्याच्या हातून ह्याचं लेकरू गेलं त्याला तू बघ. सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. नाव कोणी घेतलं नाही. गाऱ्हाण्यात नाव घेत नाहीत, देवीला ते ठाऊक असतं. पण सगळ्यांच्या माना तुझ्या आईकडे वळल्या. ती बायकांच्या बाजूला शेवटी उभी होती. तिने पदर सावरला आणि उतरून निघून गेली. त्यानंतर ती गावी गेली नाही.

पुढची गोष्ट लिहावी की नाही यावर मी बराच वेळ थांबलो. लिहितो. तुझं ठरलेलं पहिलं लग्न मोडलं, मुलीकडचे म्हणाले की ज्याच्यावर गाऱ्हाणं आहे त्याच्या घरी कशी द्यायची. तू भाईंदर सोडून बोईसरला गेलास. मग स्वातीशी लग्न झालं आणि तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. ही बातमी मला गिरणीतच कळली, एका बाईने दळण घेताघेता सांगितली आणि वर म्हणाली, वाघजाईने बघितलं बरं. त्या क्षणी माझ्या मनाला बरं वाटलं. फार नाही, उन्हातून येऊन पाणी प्यावं तेवढं. मी त्या बाईचं पीठ डब्यात दाबून भरून दिलं आणि संध्याकाळी देवापुढे रोजच्यासारखा दिवा लावला. दिवा लावताना मला काही खटकलं नाही. माणूस स्वतःला इतका अनोळखी होऊ शकतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

श्रावणातली ती नाचणी तिथे पडून होती आणि मी रोज तिच्याशेजारी काम करत होतो. तुला आठवत असेल, बाजरीनंतर गहू दळला तर पहिलं पीठ काळपट येतं. आधीच्याचं थोडं दगडात राहतं आणि ते मागून येणाऱ्याच्या डब्यात उतरतं. बायका त्यावरून भांडतात, आणि बरोबर भांडतात. मी आजवर प्रत्येकीला एकच सांगत आलो, अहो, ते माझं नाही, आधीच्याचं आहे. त्या आठवड्यात एक नवीन सून आली होती, तोंडाची फटकळ. तिने डबा उघडून बघितला आणि म्हणाली, आधीच्याचं असेल, पण दगड तर तुमचाच ना काका? ती गेल्यावर मी मशीन बंद करून स्टुलावर बसलो. पुढचं दळण घेऊन आलेल्या माणसाने दोनदा हाक मारली म्हणे.

त्या संध्याकाळी दिव्यापुढे बसलो आणि जप सोडून माझ्या तोंडात दाजीचे शब्द यायला लागले. ज्याच्या हातून ह्याचं लेकरू गेलं त्याला तू बघ. किल्ली कोणाच्या हातून गेली होती? पिशवी कोणाच्या हातून गेली होती? नारळ धरून मी उभा राहिलो होतो तो माझ्याच विरुद्ध, आणि हे त्या देवळात फक्त दोघांना माहीत होतं, एक मी आणि एक ती देवी. गाव तुझ्याकडे बघत राहिला. तिने मात्र सांगितल्याप्रमाणे पाच वर्षं माझ्याकडे बघितलं. माझी शांत झोप, माझी माळ, दाबून भरलेलं ते पीठ, सगळं तिने बघितलं. मला भीती वाटली असं म्हणणार नाही. लाज वाटली. आणि लाजेच्या खाली कुठेतरी थोडं हलकं वाटलं, कारण निदान एकीला तरी माझं खरं माहीत होतं.

मग मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच केलं. दादाला फोन लावला आणि विचारलं की माझ्या वतीने तू तो नारळ उतरवशील का. तो आधी हसला. म्हणाला, भाईंदरचं पाणी लागलं रे तुला, गाऱ्हाणं म्हणजे काय ऑनलाइन मागवलेली चप्पल आहे, माप नाही बसलं म्हणून परत पाठवायला? नंतर त्याचा आवाज बदलला. ज्याने घातलं त्यानेच उतरवायचं, नाथा. आणि देवळात उभं राहून कारण सांगावं लागतं, सगळ्यांसमोर. तू काय कारण सांगणार आहेस? मी म्हणालो, बघू. फोन ठेवला. वजनकाट्यामागे तुझ्या मुलीची नाचणी, आणि समोर हे. गावासमोर बोलायची मला तितकी धास्ती नव्हती. गाव चार दिवस बोलेल आणि पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी मिळेल त्याला. धास्ती मंदाची होती.

तुला तुझी काकी कशी होती ते माहीत आहे, ती कशी झाली आहे ते माहीत नाही. ती रडत नाही. घरातलं सगळं करते. मासा मात्र त्या दिवसापासून आमच्या घरात शिजलेला नाही, आणि का ते तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. साईराजचा फोटो ती दर शनिवारी उतरवून पुसते आणि पुसतापुसता, माझ्याकडे न बघता, एकच प्रश्न विचारते. जाताना काही म्हणाला का हो? पाच वर्षं मी एकच उत्तर देत आलो. काही नाही म्हणाला, घाईत होता. ती मान हलवते आणि फोटो परत टांगते. तिला तुझा राग करायला मिळत होता, जितेश, त्या रागावर ती उभी होती. तो काढून घेतला तर ती कशावर उभी राहील, असं मी स्वतःला विचारायचो, आणि त्याला मी तिची काळजी समजायचो. ती माझी स्वतःचीच काळजी होती. तू तेविसाव्या वर्षी तिच्यासाठी गप्प राहिलास. मी माझ्यासाठी राहिलो. बाहेरून दोघांचं गप्प राहणं सारखंच दिसतं.

गौरी-गणपतीला आम्ही गावी गेलो. गणपती पोचवले त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमतो. आदल्या दुपारी मंदा मागच्या पडवीत विळीवर नारळ खवत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पाहुणे, मासा, टायर, बस, किल्ली. तेराव्यानंतर तू पायरीवर येऊन काय बोललास तेही. मध्ये कुठेही थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. तिचे हात चालूच होते. सांगून झालं. मग तिने विचारलं, "जाताना काय म्हणाला?" मी सांगितलं. आईला सांगा, तव्यावर माझा तुकडा आधी. तिचे हात तिथे थांबले. तिने वाटी खाली ठेवली, खोबऱ्याने भरलेली बोटं पदराला पुसली आणि उठून विहिरीच्या बाजूला गेली. दिवे लागेपर्यंत आली नाही. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं, पण माझ्या ताटाकडे बघून वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती देवळात येईल असं मला वाटलं नव्हतं. मी उभा राहिलो तेव्हा ती बायकांच्या बाजूला शेवटी, तुझी आई त्या वर्षी जिथे उभी होती तिथे, उभी होती. माझा नारळ देवीच्या उजव्या हाताच्या कोनाड्यात होता. सुकून खडखडीत झालेला, उचलला तर आतलं खोबरं वाजलं. दाजी आता थकला आहे, त्याने हात कानामागे धरून विचारलं, कोणाच्या नावचं होतं हे? मी म्हणालो, "माझ्या." त्याला ऐकू गेलं नाही असं समजून त्याने परत विचारलं. मग मी देवीकडे तोंड करून मोठ्याने बोललो. गाडी जितेशची होती. टायर गेलाय, आज नको, असं त्याने मला सांगितलं होतं. लेकरू बसने जातो म्हणत होतं. मी पाठवलं. माझ्या हौसेपायी पाठवलं आणि दुसऱ्याच्या पोरावर तुझी नजर लावली. आई, तुला बघायचंय ते मला बघ, त्याच्या घरावरून उतर. वाक्य संपलं आणि देवळात कोणी काही बोललं नाही. जितेश, गाऱ्हाण्याला गावाने होकार दिल्याशिवाय ते पुरं होत नाही. दादा खाली बघत होता. दाजीचं तोंड उघडं राहिलं होतं. मग मागून एकच आवाज आला, व्हय म्हाराजा. बायका होकार देत नाहीत आपल्याकडे, पुरुषच देतात. तो मंदाचा आवाज होता. त्यानंतर एक एक करून सगळे म्हणाले. मी वळून बघितलं तेव्हा ती पायऱ्या उतरत होती. तिने होकार दिला तो मला नव्हे, खऱ्याला दिला, एवढं मला समजतं. ती गावीच राहिली आहे. कधी येणार विचारलं तर म्हणाली, येईन तेव्हा येईन. शेजारणीने काल फोनवर सांगितलं की त्या संध्याकाळी आमच्या चुलीवर मासा होता, आणि पहिला तुकडा काढून तिने कावळ्यासाठी कौलावर ठेवला.

तुझी आई या वर्षीही गावी आली नव्हती, त्यामुळे तुझ्यापर्यंत हे अजून पोचलं नसेल. पोचेल, कोणाच्या तरी तोंडून, तिखटमीठ लावून. तुझ्याबद्दल पाच वर्षं दुसऱ्यांची तोंडं बोलली, हे तरी माझ्या हाताने तुला कळावं, म्हणून हे पत्र. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते मागायची ही जागा नाही, आणि तू दिलंस तरी ठेवायला माझ्याकडे जागा नाही. तू यावंस, भेटावंस, अशीही अपेक्षा नाही. आज सकाळी गिरणी उघडली, दगड उचलून ब्रशने झाडले, माझ्या घरचे दोन मुठी तांदूळ आधी घालून जुनं सगळं बाहेर काढलं आणि मग तुझ्या मुलीची नाचणी दळली. तिच्या पिठात कोणाचंही काही उतरलेलं नाही, माझंही नाही. पीठ गरम होतं तोवर पिशवी घेऊन तुझ्या आईच्या दारात गेलो. पट्टा तुटला नव्हता, वहिनी, म्हणालो. ती म्हणाली, माहीत होतं. मग मी तिला दाराबाहेर उभ्यानेच तेच सांगितलं जे आता तुला सांगतोय. नारळ मी माझ्या हाताने उतरवला आणि नदीत सोडला. देवळाची पायरी मोकळी आहे. मुलीला घेऊन जा.

जो किल्ली घेऊन देता झाला, तो तुझाच,
नाथाकाका